एक ऑक्टोबरचे अठ्ठेचाळीस मिली

२४ सप्टेंबर, बुधवार

प्रयोगवहीत तारीख, बॅच, प्रमाण, तापमान आणि निकाल एवढंच लिहायचं असतं. ते मी चार वर्षं लिहिते आहे. त्यात न बसणाऱ्या गोष्टी अलीकडे वाढल्या आहेत, म्हणून ही दुसरी वही. शनिवार पेठेत माझ्या खोलीखालीच दुकान आहे, तिथून घेतली. नियम एकच: इथेही चुकीचा आकडा लिहायचा नाही.

कामाबद्दल एकदाच लिहून ठेवते. नवजात उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशी आम्ही प्लास्टिकच्या प्लेटमध्ये वाढवतो. त्यांच्याबरोबर त्यांना आधार देणाऱ्या इतर पेशीही वाढतात. एका प्लेटला चोवीस खळगे. प्रत्येक खळग्यात अर्धा मिली मीडियम, म्हणजे पेशींचं अन्नपाणी. चौदाव्या दिवशी ते काढून साखर नसलेलं द्रावण घालायचं आणि प्लेट नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत नव्वद मिनिटं ठेवायची. ऑक्सिजन नाही, ग्लुकोज नाही. माणसाच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली की जे होतं, त्याची ही छोटी नक्कल. मग पेशींना पुन्हा मीडियम द्यायचं, चोवीस तास थांबायचं आणि जिवंत किती ते मोजायचं.

नुसत्या पेशींपैकी सरासरी ३४ टक्के वाचतात. पेटीत घालण्याच्या एक दिवस आधी ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन दिलं, तर ६८ टक्के. सहा बॅचमध्ये हेच आलं आहे. प्रमाण किती, तर एका मिलीत ग्रॅमचे दहा अब्जांश.

हे प्रथिन पेशीला साखर देत नाही, ऑक्सिजनही देत नाही. ते बाहेरून पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतं, एवढंच. मग आत पेशी स्वतःच तयारीला लागते. संकटात कॅल्शियम आत घुसून पेशीला मारतं, ते आवरण्याची सोय ती आधीच करून ठेवते. संकट यायचं असतं अजून. वेळेवर नुसती सूचना मिळाली, तरी जवळजवळ उपाशी आणि श्वासाविना नव्वद मिनिटं काढता येतात, हे मला चार वर्षांनंतरही रोज नवीन वाटतं. प्रयोगवहीत ‘थक्क’ या शब्दाला रकाना नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्या बंगळूरला परिषदेसाठी जाते आहे. शुक्रवारी परत. बॅच सात गोदाबाईंवर सोपवली.

गोदाबाई तुपे. वय एकोणसाठ, ३१ डिसेंबरला निवृत्त. हडपसरहून दोन बस बदलून येतात आणि माझ्या आधी पोचतात. एकतीस वर्षांपूर्वी काचसामान धुवायला लागल्या. गेली अठरा वर्षं कल्चर रूमची, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीची, किल्ली त्यांच्याकडे आहे आणि पेशींचं मीडियम त्याच बदलतात. पेशींना त्या ‘मंडळी’ म्हणतात.

जूनमध्ये मी पद्धत बदलली, तेव्हापासून आमचा एक वाद आहे. त्या आधी अर्धंच मीडियम बदलायच्या. मी पूर्ण बदलायला लावलं. आज पुन्हा निघालं.

“ताई, अर्धं जुनं ऱ्हाऊ द्या. समदं काढलं की मंडळी बिचकत्यात.”

“जुन्यात काय काय असतं ते मोजलेलं नाही, गोदाबाई. न मोजलेलं मला ठेवता येत नाही.”

“बरं.”

गोदाबाईंचं ‘बरं’ म्हणजे पटलं असं नाही. पण काम सांगितल्याप्रमाणे होतं.

तक्ता करून इनक्युबेटरच्या दारावर लावला. बुधवार आणि शनिवार मीडियम बदल, आठवड्याला एक सही. रोजच्या सहीत वेळ जातो. निघताना त्यांनी डबा पुढे केला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, ‘परवासात ऱ्हाती’. माझं विमान एक तास चाळीस मिनिटांचं आहे, असं सांगितलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

परत आले. भाषण ठीक झालं. दोन प्रश्न आले, दोन्हींची उत्तरं माझ्याकडे होती.

इनक्युबेटरच्या दारावर हळदकुंकवाची पाच बोटं, हूडवर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटावर, झेंडूचा हार, सेंट्रिफ्यूजवर आपट्याची पानं. झेंडूचे परागकण आणि कल्चर रूम! गोदाबाईंना सत्तर टक्के अल्कोहोलने सगळं पुसायला सांगितलं. त्यांनी आधी नमस्कार केला, मग पुसलं. हार काढून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

“जेवलात का?” त्यांनी विचारलं.

“हो.” जेवले नव्हते. पण ती चर्चा लांबते.

तक्त्यावर आठवड्याची सही आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सुरेख दिसल्या. तंतू लांब, काठ स्वच्छ. इतक्या सुरेख यापूर्वी कधी पाहिल्याचं आठवत नाही. दोन प्लेटना ग्रोथ फॅक्टर दिला. दोन तशाच, कंट्रोल म्हणून. उद्या नायट्रोजन.

५ ऑक्टोबर, रविवार

ग्रोथ फॅक्टर: ७० टक्के.
कंट्रोल: ६३ टक्के.

तीनदा मोजलं. पेटीतला ऑक्सिजनचा आकडा तपासला, बरोबर होता. द्रावणातली साखर तपासली, शून्य. कंट्रोलच्या पेशींनी मरायला हवं होतं आणि त्या मेल्या नाहीत.

आमचा लेख वीस तारखेला पाठवायचा आहे. त्यातलं मुख्य वाक्य आहे, ‘ग्रोथ फॅक्टरमुळे जगणाऱ्या पेशी दुप्पट होतात’. बॅच सात खरी असेल, तर ते वाक्य उभं राहत नाही.

राजस शेजारच्या टेबलावर बसतो, माझ्याच वर्षाचा. त्याला आकडे दाखवले.

“आउटलायर आहे यार. ड्रॉप कर, चहाला चल.”

“कारण सापडल्याशिवाय ड्रॉप करता येत नाही.”

“मग कारण शोध. चहा मात्र थंड होईल.”

कारण मला सुचलं आहे. मी पाच दिवस नव्हते.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी साडेनऊला गोदाबाईंना विचारलं. नेमके प्रश्न आधी कागदावर लिहून घेतले होते.

“कंट्रोलच्या प्लेटमध्ये तुम्ही काही घातलंत का?”

“न्हाई.”

“ग्रोथ फॅक्टरची कुपी बाहेर काढली होतीत?”

“न्हाई.”

“चुकून?”

त्यांनी ओले हात पदराला पुसले. “ताई, मी कायबी घातलं न्हाई.”

अकराच्या बैठकीत मी आकडे दाखवले आणि म्हटलं, “बहुधा हाताळणीतली चूक आहे. गोदाबाईंकडून कंट्रोलमध्ये ग्रोथ फॅक्टर गेला असावा.” ‘बहुधा’ म्हटलं होतं, ‘असावा’ म्हटलं होतं. दोन्ही शब्द मुद्दाम निवडले होते. पण खोलीतल्या बारा माणसांनी मधलं तेवढं ऐकलं. राजस म्हणाला, “रिटायरमेंट मोड.” दोघं-तिघं हसले.

माझ्या मार्गदर्शक अस्मिता मॅडम हसल्या नाहीत. “खात्री आहे?”

“दुसरं स्पष्टीकरण नाही.”

“लेखी दे.”

एका ओळीत दिलं. चार वाजता कल्चर रूमची किल्ली मॅडमच्या टेबलावर होती. निवृत्तीपर्यंत गोदाबाई पुन्हा काचसामान धुण्याच्या खोलीत. त्यांनी वाद घातला नाही. त्यावरून मी निष्कर्ष काढला.

११ ऑक्टोबर, शनिवार

मंडळींना (पेशींना) आता मीच खाऊ घालते. एका बदलाला मला सत्तर मिनिटं लागतात. गोदाबाईंना चाळीस लागायची.

तक्रारीला पुरावा जोडावा म्हणून ग्रोथ फॅक्टरच्या कुप्या मोजल्या. घेतल्या वीस, वापरल्या सात, उरल्या तेरा. तेराही न उघडलेल्या. उघडलेल्या कुपीतली पातळीही हिशेबाप्रमाणे.

म्हणजे ग्रोथ फॅक्टर कुठेही गेलेला नाही.

मॅडमना लगेच सांगायला हवं होतं. दुसरी काही वस्तू घातली असेल का ते आधी पाहू, असं ठरवलं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे लिहिणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बॅच सातच्या मीडियमची बाटली शीतकपाटात होती. सुरुवातीला ५००. चार प्लेटना एका वेळी ४८ मिली लागतं. पेशी लावताना एकदा, तीन बदल आणि नायट्रोजननंतर एकदा, एकूण २४०. उरायला हवं २६०.

उरलंय ३०७.

पिपेटांत मिलीभर जातं हे धरलं, तर फरक बरोबर एका बदलाचा आहे. जास्तीचं काही घातलं गेलेलं नाही. उलट, जे घालायचं ते एकदा घातलंच गेलं नाही.

पहिला विचार: आळस केला आणि सही ठोकली. दुसरा विचार यायला सुमारे दहा मिनिटं लागली. मीडियम बदललं नाही, तर पेशी अशक्त व्हायला हव्यात. त्या तर सगळ्या बॅचपेक्षा चांगल्या होत्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

धुण्याच्या खोलीत गेले. गोदाबाई बाटल्यांना ब्रश करत होत्या. मागे वळल्या नाहीत.

“गोदाबाई, एक ऑक्टोबरला मीडियम बदललं होतंत का?”

“न्हाई.”

इतकं सरळ.

“का नाही?”

आता वळल्या. “नवमी व्हती की. खंडेनवमीला हत्याराला हात लावत्यात व्हय? मशिनीची पूजा करायची, त्यांना इसावा द्यायचा. तीस वरसं हितं तसंच हाय. आधीचे सर तर सोता हार आणायचे.”

“पण तुम्ही सांगितलं नाहीत.”

“तुमी कुठं इचारलंत? तुमी इचारलं, काय घातलं. म्या म्हनलं, न्हाई घातलं. आन् कुंकू तर तुमीच पुसायला लावलंत दारावरचं. म्हनलं, ठावं असंल.”

“सही केलीत.”

“शनवारी बदलावं म्हनून गेले, तर तुमी आधीच पेटीत घातल्या व्हत्या. सही आठवड्याची एकच. केलेल्याची जागा हाय कागदावर. न केलेल्याची कुठं हाय?”

मी तक्ता आठवला. खरंच नाही.

मग त्यांनी विचारलं, “किती जगल्या?”

“त्रेसष्ट.”

“मग.” आणि पुन्हा ब्रश उचलला.

मी जिना चढून वर आले, तेव्हा सगळं आपोआप जुळत गेलं. मीडियम सात दिवस तेच राहिलं. सात दिवस पेशी आणि त्यांच्या आधारपेशी त्यात काहीतरी सोडत राहिल्या. ते काहीतरी ग्रोथ फॅक्टरही असू शकतं. त्या स्वतःच ते तयार करतात, हे पुस्तकातून आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मी दर तीन-चार दिवसांनी ते पूर्ण उपसून टाकायला लावत होते आणि मग कुपीतलं देऊन वाचवत होते. जूनपासून माझ्या कंट्रोलच्या पेशी मी स्वतःच उघड्यावर बसवल्या होत्या.

हे अजून सिद्ध नाही. पण इतकं सुंदर स्पष्टीकरण मला चार वर्षांत सुचलेलं नाही आणि हेही मला सुचलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. कुप्यांचं शनिवारीच कळलं होतं, हेही सांगितलं.

“आरोप केलास तेव्हा एक दिवसही थांबली नाहीस,” त्या म्हणाल्या. “मागे घ्यायला पाच. वेग तपासून बघ.”

वीस तारीख रद्द केली. लेख आता वेगळा होणार आहे किंवा होणारच नाही.

मॅडमनी किल्ली माझ्या हातात दिली. “मी नेऊन देणार नाही. तू दे.”

धुण्याच्या खोलीत गेले आणि किल्ली पुढे केली. “माझी चूक झाली. मी तक्रार मागे घेते आहे.”

गोदाबाईंनी किल्लीकडे पाहिलं, हात लावला नाही. “तुमी बारा जनांच्यात म्हनलात. मला राजससाहेबांनीच सांगितलं, हसत-हसत. आन् मागं घेताय हितं, नळापाशी.”

“बैठकीत सांगेन. पण आत्ता सांगितलं, तर लोकांना तो अंदाज वाटेल. जुन्या मीडियममुळेच वाचल्या हे दाखवलं की कोणाला शंका राहणार नाही. मला सहा आठवडे द्या.”

“दिले. किल्ली तवर तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. म्या आत येनार न्हाई.”

“अडीच महिने राहिलेत तुमचे.”

“मला मोजता येतंय, ताई.”

अठरा वर्षांची खोली. त्या चूक ठरल्या तशाच निवृत्त होतील, जर प्रयोग वेळेत झाला नाही तर. हे वाक्य लिहिल्यावर दिसलं, की याचा लेखाशी काही संबंध नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. घरी दोन दिवस. आई म्हणाली, “गप्प का आहेस?” म्हटलं, नेहमीइतकीच आहे. तिने मान्य केलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बॅच आठ गेली. जंतुसंसर्ग नाही, विष नाही. मीडियम बदलताना माझ्या पिपेटच्या धारेने पेशी तळापासून सुटल्या आणि वाळलेल्या सालीसारख्या तरंगत वर आल्या. चार प्लेटपैकी तीन.

राजस म्हणाला, “गोदाबाईंचा हात वेगळाच होता गं.” हे तो आता म्हणतो.

प्रयोगाला आणखी एकच बॅच शक्य आहे. चौदा दिवस वाढ, मग नायट्रोजन, मग मोजणी. ती माझ्या हातून अशीच गेली, तर डिसेंबर संपेल.

१ नोव्हेंबर, शनिवार

धुण्याच्या खोलीत गेले आणि सांगितलं, की पेशी सुटल्या.

गोदाबाईंनी नळ बंद केला. “कुठून सोडलं पानी? वरून?”

“मधोमध. हळूच.”

“हळू काय कामाचं? पाऊस हळू पडला तरी मातीला कळतंच की.”

त्या कल्चर रूममध्ये येणार नव्हत्या. म्हणून मला एक रिकामी प्लेट आणायला सांगितली. त्यांच्या लॉकरमध्ये रांगोळीची पुडी होती. प्रत्येक खळग्याच्या तळाशी चिमूटभर रांगोळी टाकली, पाण्याने ओली केली, बसू दिली. मग माझ्या हातात पिपेट दिलं.

“आता जुनं काढायचं, नवं घालायचं. रांगोळी हलता कामा न्हाई.”

पहिल्या चोवीस खळग्यांत माझी रांगोळी चोवीस वेळा हलली.

मग त्यांनी करून दाखवलं. पिपेटचं टोक खळग्याच्या भिंतीला टेकवलं, तळापासून दोन तांदूळ वर. थेंब पडू दिला नाही. भिंतीवरून पाणी उतरत गेलं, पांढरा ठिपका जागचा हलला नाही. मी घड्याळ लावलं होतं. एक खळगा, जुनं काढून नवं घालून, पंचवीस सेकंद. दुसरा, पंचवीस. चोविसावा, पंचवीस. एकोणसाठ वर्षांचा हात, त्यात सांधेदुखी. कुठल्याही यंत्राच्या माहितीपत्रकात इतका कमी फरक मी वाचलेला नाही.

“त्यांना कळलं न्हाई पाहिजे, पानी बदललं,” त्या म्हणाल्या. “आन् श्वास धरू नका. तुमी श्वास धरला की मनगट ताठतंय.”

मी श्वास धरते हे मला माहीत नव्हतं.

दीड वाजता त्यांनी डबा उघडला आणि न विचारता अर्धी भाकरी झाकणात ठेवली. माझी जेवणाची वेळ उलटून गेली होती, म्हणून खाल्ली.

५ नोव्हेंबर, बुधवार

रोज साडेपाच ते सहा, रांगोळी. आज चोवीसपैकी एकोणीस हलल्या नाहीत. गोदाबाई बाटल्या निथळत ठेवता ठेवता मान न वळवता सांगतात, “हलली.” आवाजावरून ओळखतात की काय, कोण जाणे. विचारलं तर म्हणाल्या, “तुमी जीभ चावता तवा हलती.”

उशीर झाला तर त्यांची दुसरी बस चुकते. सोमवारपासून रोज चुकते आहे, हे मला आज राजसकडून कळलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चोवीसपैकी चोवीस. “बरं,” म्हणाल्या.

बॅच नऊ लावली. चार गट. पहिला, ताजं मीडियम. दुसरा, ताजं आणि ग्रोथ फॅक्टर. तिसरा, सात दिवसांचं जुनं मीडियम. चौथा, तेच जुनं, पण त्यात ग्रोथ फॅक्टरला पकडून निकामी करणारी अँटिबॉडी. जुन्या मीडियमचं खरंच काही श्रेय असेल आणि ते ग्रोथ फॅक्टरचं असेल, तर तिसरा वाचेल आणि चौथा मरेल.

मोजताना कोणती प्लेट कुठली हे मला कळू नये, म्हणून मॅडमनी स्वतः चिठ्ठ्या लावल्या. “तुझ्यावर विश्वास आहे,” म्हणाल्या, “म्हणूनच लपवते.”

नव्या तक्त्यात दोन रकाने आहेत. केले. केले नाही, कारण. दुसऱ्या रकान्याला जास्त जागा दिली आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एकही पेशी सुटलेली नाही. बदलाला पंचेचाळीस मिनिटं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल मोजून आकडे मॅडमना बंद पाकिटात दिले. आज दुपारी त्यांनी चिठ्ठ्या उघडल्या आणि त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेले.

ताजं: ३३.
ताजं आणि ग्रोथ फॅक्टर: ६७.
जुनं: ६१.
जुनं आणि अँटिबॉडी: ४२.

मी पेन खाली ठेवलं. ग्रोथ फॅक्टर वाचवतो, हे खरंच आहे. तो आमच्या कुपीतून यावा लागत नाही, हेही खरं. पेशी एकमेकींसाठी तो आधीपासूनच तयार करत होत्या. ३३ आणि ४२ यांच्यात जे नऊ उरतात, त्यात आणखी काहीतरी आहे, ज्याला नाव नाही. म्हणजे अँटिबॉडीने मुख्य मदत काढून घेतली, तरी काही पेशी कशाच्या तरी आधारावर तग धरून राहिल्या. त्या नऊ टक्क्यांकडे मी बराच वेळ पाहत होते.

“हे तुझ्या आधीच्या लेखापेक्षा चांगलं आहे,” मॅडम म्हणाल्या. “वाईट बातमी अशी, की ते तुला सुचलेलं नाही.”

“माहीत आहे.”

खाली जाऊन गोदाबाईंना आकडे सांगितले. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “त्या चवथ्या गटातल्या. त्यांचं काढून घेतलं म्हनून मेल्या?”

“हो.”

“च्.” मग म्हणाल्या, “करावं लागतं आसंल.”

मॅडमनी विचारलं होतं, माझी सहा ऑक्टोबरची तक्रार फाडून टाकायची का. मला वाटत होतं, हो. गोदाबाईंना विचारलं.

“ऱ्हाऊ द्या फायलीत. फाडलं की लोकांना वाटतं, कायतरी व्हतंच. त्याच्यावर दुसरा कागद लावा.”

मी चार वर्षं नोंदी ठेवते आहे. नोंदींबद्दल इतकं बरोबर वाक्य मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

दुरुस्तीचा कागद लिहिला. पहिला मसुदा एक पान. त्यात ‘परिस्थितीजन्य’ हा शब्द दोनदा होता. फाडला. दुसऱ्यात ‘गैरसमज’ होता. तोही फाडला. तिसरा सात वाक्यांचा. मोठ्याने वाचून पाहिला. शेवटच्या वाक्याला आवाज बदलतो. पुन्हा वाचला. पुन्हा बदलतो. कारण कळलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

अकराची बैठक. बाराच्या बारा जण. मी मॅडमना सांगितलं, की गोदाबाई बैठकीला कधी येत नाहीत आणि आजही आल्या नाहीत. बोलावलं तर म्हणाल्या, बाटल्या भट्टीत लावायच्यात.

मॅडमनी चष्मा काढला. “मग आपण खाली जाऊ. सगळ्यांना पाय आहेत असं मी गृहीत धरते.”

धुण्याच्या खोलीत बारा माणसं मावत नाहीत. निथळत ठेवलेल्या बाटल्यांच्या दोन रांगांमध्ये दाटीने उभे राहिलो. राजस दारात होता, मॅडमनी त्याला पुढे घेतलं. गोदाबाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ करून नळ सोडला. हातातली बाटली धुऊ लागल्या.

मी वाचलं.

“सहा ऑक्टोबरच्या बैठकीत मी म्हटलं, की बॅच सातमध्ये गोदाबाई तुपे यांच्याकडून चूक झाली. ते खरं नव्हतं. ग्रोथ फॅक्टरच्या कुप्या पूर्ण होत्या. एक ऑक्टोबरला मीडियम बदललं गेलं नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही, मी विचारलं नाही. त्या बॅचमधल्या पेशी स्वतःच्या जुन्या मीडियममुळे वाचल्या आणि हे दाखवणारा प्रयोग मला करता आला तो गोदाबाईंनी हात शिकवला म्हणून. चूक माझ्या प्रश्नात होती, माझ्या तक्त्यात होती. गोदाबाईंच्या हातात ती कधीच नव्हती.”

राजस फरशीकडे पाहत होता. नळ चालूच होता. त्यांनी ऐकलं की नाही, हे पाठीवरून कळत नव्हतं.

मग नळ बंद झाला. गोदाबाईंनी बाटली उजेडाकडे धरून तपासली, रांगेत उलटी ठेवली, पदराला हात पुसले आणि वळल्या.

“पान्याच्या आवाजात शेवटचं ऐकू आलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पुन्यांदा वाच.”

वाचलं. आवाज नीट लागला नाही, पण शब्द सगळे होते.